न दाखवलेला दगड

वाळत्या धानाचा वास आला की मी अजून रस्ता बदलतो. आमगावच्या रस्त्यावर लोक धान पसरतात आणि त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेला दगड मांडतात. बारा वर्षांपूर्वी आम्ही सहा जण तिथून सायकलींवर, चाकाला चाक लावून सुसाट निघालो होतो. "दादा, गोटे दाखवत जाजो, मले तुही पाठच दिसते," मागून धाकटा भाऊ म्हणाला होता. मी एक दगड ऐनवेळी चुकवला, पण वेग तुटेल म्हणून हँडलवरचा हात काढून त्याला दाखवला नाही. भावाचं चाक त्यावर गेलं; तो डोक्यावर आपटला, पुन्हा उठला नाही.

"यार, आज स्पीडचा ॲव्हरेज मस्त येऊन राहिला होता," माझ्या पुढचा सायकलवाला म्हणाला. त्याच्याबद्दलची किळस मला बरीच वर्षं पुरली. आता आठवतं, मीही आधी ॲव्हरेज मोजणारं मनगटावरचं घड्याळ थांबवलं होतं आणि मग मागे वळलो होतो.