रेखाची चक्कर

काल शेजारच्या कमलकडे आम्ही बायका उडदाचे पापड लाटायला बसलो होतो. तिची नवी सून रेखा पापड उन्हात घालायला उठली आणि खांबाला धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडलेले. "चक्कर आली," म्हणाली.

सगळ्यांची लाटणी थांबली. "कमल, पेढे आण गं," कोणीतरी म्हणालं. कमल अशी लाजली, जणू तिलाच दिवस गेले होते.

मला या सगळ्याचा वीट आलाय. नव्या सुनेला चक्कर आली की गोड बातमी, दोन पोरांच्या आईला आली की कामाचा कंटाळा, आणि मला आली की वय झालं. पोटात अन्न आहे का, अंगात रक्त आहे का, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

मी सरळ विचारलं, "पाळी चुकलीय का?"

"परवाच संपली, आजी. फार जातं अंगावरून."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

बायकांचं हसू गेलं आणि लाटणी पुन्हा सुरू झाली. बातमी नाही म्हटल्यावर चक्कर कोणाच्याच कामाची राहिली नाही.

"कमल, आधी तिला भाकरी दे. उद्या दवाखान्यात ने, रक्त तपासून घे."

"अहो काकू, पापड वाळायचेत अजून."

"वाळतील. ऊन कुठे जात नाही."

रेखा भाकरी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सासू जेवायची होती ना अजून. मला रेखाचाही राग आला.

"इकडे तोंड कर," मी म्हटलं, "आणि सगळ्यांसमोर जेव."