मुरघासाचं उद्घाटन

खड्ड्याचंही उद्घाटन करतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पुलाचं करतात, सभामंडपाचं करतात, नळाचं तर दर निवडणुकीआधी करतात. पण चारा मुरत घातलेल्या खड्ड्याला रिबन बांधलेली मी भडगावजवळच्या त्या गावातच पहिल्यांदा पाहिली. बांधायला लावली आमच्याच साहेबांनी. साहेब पशुआहारशास्त्रातले डॉक्टर. हवा लागली की मुरघास सडतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी मूळची धुळ्याची. शेळ्या-मेंढ्यांच्या आहारावर शिकले आणि एका संशोधन प्रकल्पात ठरावीक मुदतीची नोकरी लागली. प्रकल्पाच्या नावात 'शाश्वत' हा शब्द दोनदा होता. माझ्या नेमणुकीच्या पत्रात 'तात्पुरती' हा शब्द त्याहून जास्त वेळा होता, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. काम आवडीचं होतं.

गिरणाकाठी केळी फार. घड कापून नेला की उरलेलं खोड बांधावर फेकतात आणि ते तिथंच कुजतं. ते खोड बारीक करायचं, ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीत मिसळायचं, गुळाचं पाणी आणि मीठ शिंपडायचं आणि खड्ड्यात पायांनी तुडवून तुडवून दाबायचं. वरून प्लास्टिक आणि माती घालून असं बंद करायचं की हवा आत शिरता कामा नये. दीडेक महिन्यात ते मुरतं आणि त्याला लोणच्यासारखा आंबूस वास येतो. हा मुरघास शेळ्या उन्हाळ्यात खातील का, कितपत खातील, त्यावर त्यांचं वजन टिकेल का, एवढं आम्हाला पाहायचं होतं.

आमच्यासाठी तो अभ्यासाचा प्रश्न होता. अक्काचं सगळं घर त्या प्रश्नावर उभं होतं.

अक्का म्हणजे जिच्या घरामागं आम्ही खड्डा खणला ती बाई. जमीन नाही, नवरा केळीच्या गाड्या भरायला जायचा, बाकी सगळी भिस्त शेळ्यांवर. होळीच्या सुमाराला शिवार उघडं पडायचं, बाभळीच्या शेंगाही संपायच्या आणि नेमका तेव्हाच व्यापारी दारात येऊन उभा राहायचा. शेळ्या उपाशी मारण्यापेक्षा मिळेल त्या भावाला द्यायच्या आणि पाऊस पडल्यावर एखाद्या पाठीपासून, म्हणजे न व्यालेल्या कोवळ्या शेळीपासून, पुन्हा सुरुवात करायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

"दरसाल पहिलीमाच बठनं पडस," अक्का म्हणायची, "नापास पोऱ्यागत."

तिच्याकडचा चहा शेळीच्या दुधाचा असायचा. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून तो प्यायले. महिन्याभरात अशी सवय लागली की घरचा चहा पाणचट लागायला लागला. शेळ्यांची वजनं घ्यायला गेले की गल्लीतल्या बायका गोळा व्हायच्या. शेळीला झोळीत घालून काट्याला टांगलं की ती अशी बोंबलायची की जणू आम्ही तिचा गळाच कापतोय, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. अक्काची एक काळी शेळी होती, कानावर पांढरा ठिपका असलेली. ती मात्र झोळीत बसून शांतपणे माझ्या ओढणीचं टोक चघळायची. त्या हिवाळ्यात ती गाभण होती.

खड्डा बंद केल्यावर काही दिवसांनी व्यापारी आला, नेहमीपेक्षा लवकरच. मी तिथंच होते. अक्कानं त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"यंदा एक बी बकरी इकानी नही," ती म्हणाली. "ताईना खड्डा शे ना."

ताई म्हणजे मी. त्या वाक्यानं मी केवढी फुगले होते, ते आठवलं की आजही अंगाची आग होते.

मग साहेबांचा फोन आला. वरून पाहुणे येणार होते आणि त्यांना खड्डा दाखवायचा होता. मी म्हटलं, सर, अजून अर्धासुद्धा मुरला नाही. ते म्हणाले, "अगं, एक कोपरा उघडू. फोटोपुरता. लगेच झाकून टाकू." पाहुण्यांना आणखी महिन्याभरानं बोलवा असं कोण म्हणणार? चाऱ्याला मुरायला वेळ लागतो, पण पाहुण्यांना वेळ नसतो.

त्या दिवशी गाड्या आल्या, धूळ उडाली, रिबन कापली. कोपरा उघडला. पाहुण्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढाच?" झालं. साहेब म्हणाले, "काढा रे सगळं." माणसांनी फावड्यानं माती ओढली आणि प्लास्टिक चटईसारखं गुंडाळून बाजूला केलं. मी मधे पडले. "सर, सगळा चारा वाया जाईल," असं सगळ्यांदेखत म्हणाले. साहेब हसत पाहुण्यांकडे वळले आणि म्हणाले, "आमची मुलं फार कळकळीची आहेत."

फोटोसाठी एक शेळी हवी होती. काळी दिसायला देखणी आणि गरीब, म्हणून तिला पुढं ओढलं. गळ्यात झेंडूचा हार घातला. पाहुण्यांनी ओंजळभर मुरघास तिच्या तोंडाशी धरला, पण अर्धवट मुरलेलं ते ओलं खोड तिनं हुंगलं आणि मान फिरवली. फिरवताना हाराची फुलं तोंडाशी आली, ती मात्र तिनं मजेत खाल्ली. टाळ्या वाजल्या. त्यानंतर सगळे एरंडोलकडे जेवायला गेले आणि सादरीकरणाची यंत्रं सांभाळायला मलाही गाडीत कोंबलं. झाकायला थांबलेली माणसं आमच्या गाडीमागोमाग जेवायला आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी परत गेले. खड्ड्यात कोंबड्या उकरत होत्या. अक्का आणि मी पुन्हा तुडवलं, प्लास्टिक ओढलं, माती घातली. तिनं विचारलं, "आते नीट व्हई का?" मी म्हटलं, "सांगता येत नाही, अक्का." साहेबांना मी नवा खड्डा भरून द्यायला सांगितलं. खड्ड्याची तरतूद एकाच खड्ड्यापुरती आहे, असं त्यांनी ऐकवलं. जेवणाची तरतूद कुठून झाली, ते मी विचारलं नाही.

होळीनंतर खड्डा उघडला तेव्हा आतून गरम वाफ आली. वर पांढरी बुरशी होती, खाली काळसर चिकट थर होता, आणि वास लोणच्याचा नव्हता. मी सगळ्यांना बजावलं की हे शेळ्यांना अजिबात घालायचं नाही. बजावणं सोपं होतं. शिवारात हिरवं पान नव्हतं, कडबा विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि व्यापाऱ्याला तर माझ्या भरवशावर परत पाठवलेलं. अक्कानं बुरशी हातानं वेचून काढली आणि तळचं त्यातल्या त्यात बरं दिसणारं शेळ्यांपुढं टाकलं. मी रागावले, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "मंग भुक्या मरू देऊ का त्यासले?" माझ्याकडे चारा नव्हता. पदवी होती.

काळी आधी गाभडली, पोटातलं पिल्लू पडलं. मग तिची मान एका बाजूला वाकडी झाली आणि ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. मी पुस्तकात वाचलेला आजार होता. सडक्या मुरघासातून होतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. डॉक्टर आले, सुया दिल्या, पण ती उठली नाही. बाकीच्या शेळ्या ऐन उन्हाळ्यात बाजारात गेल्या. तेव्हा सगळेच विकायला काढतात, त्यामुळे दरसाल होळीला व्यापारी द्यायचा तेवढंही मिळालं नाही. या खेपेला अक्काकडे पहिलीत बसायलाही एक पाठ उरली नाही.

त्यानंतर अहवाल लिहायची वेळ आली. त्यात एक वाक्य घालायला साहेबांनी मला सांगितलं: पशुपालकांनी योग्य ती काळजी न घेतल्यामुळे काही चारा खराब झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी नाही म्हटलं. साहेबांनी ते वाक्य स्वतः घातलं आणि माझी मुदत संपली. चूक माझी नव्हती, असं मी अजूनही म्हणते, भांडून म्हणते. त्यानं अक्काच्या गोठ्यात एक शेळी वाढत नाही, हेही मला कळतं.

आता मी धुळ्यात एका खासगी विद्यालयात शिकवते. मध्यंतरी तिथं आमच्या प्रकल्पाची एक रंगीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर काळी होती. हार, पाहुणे, ओंजळ, सगळं होतं. कडेला दोरी धरून उभी असलेली अक्का तेवढी कापलेली होती. आत लिहिलं होतं, या यशानंतर आता शेजारच्या गावात.

ती पुस्तिका घेऊन मी अक्काकडे गेले. का गेले? राग एकटीला पेलवत नव्हता म्हणून. गोठ्यात खुंट्या तशाच होत्या, त्यांवर कपडे वाळत घातलेले. तिनं चहा ठेवला, गूळ टाकून, कोरा.

पुस्तिका तिनं दोन्ही हातांत धरली आणि काळीच्या कानावरून बोट फिरवलं.

"त्यामा काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं, "मुरघास आवडीने खाताना शेळी."

"खोटं शे," अक्का म्हणाली. "ती तं फुलं खाई राहिंती."

आणि ती हसली. मला हसता येईना. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निघताना तिनं विचारलं की शेजारच्या गावातही खड्डा खणलाय का. मी हो म्हटलं. पुस्तिका तिनं परत दिली नाही, मी मागितली नाही. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तठल्या बायासले सांगजो ताई, हार दिखना का बकऱ्या घरमा बांधी ठेवा."

पुढच्या रविवारी मी ते सांगायला त्या गावात गेले. खड्डा नुकताच बंद केलेला होता, वरची माती अजून ओली होती. शेजारी चार माणसं मांडवाचे खांब रोवत होती.