शांत हाय तिकडं

गाव कसं वसवावं हे मला पुण्याच्या एका मुलीनं शिकवलं. जिला तूर आणि कपाशी यातला फरक कळत नव्हता, जी आमच्या मागच्या नाल्याला ‘ओढा’ म्हणायची आणि पहिल्याच आठवड्यात त्यात पाय बुडवायला निघाली होती, ती मला सांगणार की रस्ता कुठून काढायचा आणि झाडं कुठं लावायची! मला पहिल्या दिवसापासून राग आला होता. पुढं तो राग कुणाकुणावर गेला ते सांगते, पण सुरुवात तिच्यापासून झाली.

दोन हजार चार सालची गोष्ट. ती वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकलला होती आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायची. आमचं घर सिंदी मेघेच्या पुढच्या एका लेआऊटमध्ये होतं. शेत मोडून, प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीला आमच्याकडं लेआऊट म्हणतात. त्या लेआऊटमधलं आमचं घर अगदी शेवटचं. डांबरी रस्ता दोन घरं आधीच संपायचा. मागं नाला, नाल्यामागं शेतं.

येताना तिनं कॉम्प्युटर आणला होता आणि त्यात एक गेम होता. मारामारी नाही, गाड्यांची शर्यत नाही. माणसं तयार करायची, त्यांना घर द्यायचं. मग ती माणसं जेवतात, आंघोळ करतात, नोकरीला जातात, शेजाऱ्यांशी भांडतात आणि गोडही बोलतात. हवं तर अख्खं गाव आपणच वसवायचं. टेकडी उचलायची, पाणी सोडायचं, रस्ते टाकायचे. मी बी.कॉम. होऊन परीक्षांचे फॉर्म भरत बसले होते. दुपारी ती कॉलेजला गेली की तिच्या परवानगीनं मी गाव वसवायला बसायची.

माझं पहिलं गाव तिनं पाहिलं आणि खांद्यावरचा अॅप्रनही न काढता हसत सुटली. “हे गाव नाही गं, हॉस्टेल आहे!” माझे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे होते, प्लॉट सारखे, प्रत्येक प्लॉटपुढं एक झाड. मी लेआऊटमध्ये राहणारी, मला दुसरं काय सुचणार?

मग तिची शिकवणी सुरू झाली. सगळी जमीन सपाट करू नकोस, थोडा चढ-उतार राहू दे. रस्त्याला वळण दे, म्हणजे पुढं काय आहे ते बघावंसं वाटतं. झाडं रांगेत उभी करू नकोस, ती काय शाळेत आलीत? तीन इथं, पाच तिथं, एखादं मोठं, बाकी लहान. पाण्याच्या काठाला गवत सोड. चौक आधी ठरव, घरं मग. आणि माणसं कुठून चालतात ते दोन दिवस नुसतं बघ, मग तिथं पायवाट टाक.

“आमच्या इथं माणसं चिखलातून चालतेत,” मी म्हटलं. “आठ वर्सं झाले. कोनी बघायले नाई आलं का पायवाट टाकायले नाई आलं.”

ती पुन्हा हसली. वाईट याचं वाटायचं की तिचं सगळं बरोबर निघायचं. रस्ता जरा वाकडा केला की गाव खरं दिसायला लागायचं.

त्यात लोडशेडिंगचा ताप. माझे बाबा वीज मंडळात मीटर रीडर. खांद्याला पिशवी लावून वीस वर्षं त्यांनी घरोघरी मीटर पाहिले. वर्धा त्यांना गल्लीबोळासकट पाठ होती, पण व्हरांड्यापर्यंतच. मीटर तिथंच असतं. लाईट गेली की शेजारी रस्त्यात बाबांना धरायचे, जणू बाबाच फ्यूज खिशात घालून फिरत होते. आणि मीटर रीडरच्या घरीही लाईट जायचीच. सेव्ह न केलेली टेकडी, पूल, बाभळीसारखी दिसणारी झाडं, सगळं एका क्षणात गडप. मी भिंतीकडं बघून शिव्या द्यायची.

पण दोन महिन्यांत गाव झालं. खोटं कशाला बोलू, सुंदर झालं. मधे चौक, चौकात दगडी विहीर, तिच्याभोवती बसायला ओटा. चौकातून निघणारे तीन रस्ते, तिन्ही वेगळ्या वळणाचे. एका बाजूनं नाला, काठाला गवत. पुण्याची मुलगी एका रविवारी खुर्ची ओढून बसली आणि गावभर फिरली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती “वा” म्हणाली, दोनदा म्हणाली. मग नाल्यापाशी थांबली.

“हे पलीकडं कुणाचं घर?”

“माझं.”

“तुझं? तू तर कुठंही राहू शकली असतीस. गाव तुझं आहे ना? आणि पूल कुठाय? घरी जातेस कशी?”

पूल मी टाकलाच नव्हता. दोन महिन्यांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझी ती इवलीशी बाई रोज लांबून वळसा घालून घरी जात होती, आणि मी ते बघत होते.

“शांत हाय तिकडं,” मी म्हटलं.

तोंडातून शब्द गेले आणि माझे कान तापले. ते शब्द माझे नव्हते. बाबांचे होते.

शहाण्णव साली आम्ही हा प्लॉट घेतला. मी नववीत होते, बाबांच्या लुनावर मागं बसून मीही गेले होते. लेआऊटवाल्याच्या ऑफिसात टेबलाच्या काचेखाली नकाशा होता; विकलेल्या प्लॉटवर लाल फुल्या. माणूस मोठा गोड. “या भाऊ, बसा. चहा सांगतो.” त्यानं बागेसाठी सोडलेल्या जागेसमोरचा, कोपऱ्यावरचा प्लॉट दाखवला. त्यावर फुली नव्हती, मी नीट पाहिलं होतं. बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. घरात काही मोठं घेताना बाबा असं विचारल्यासारखं कधी कुणाकडं बघत नसत. मला तेव्हाच त्या कोपऱ्यावर आमचं घर दिसायला लागलं.

“बोला, पूर्ण नाव बोला,” त्यानं पावतीपुस्तक उघडलं.

बाबांनी सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव.

त्याचं पेन आडनावापाशी थांबलं. आमचं आडनाव ऐकलं की विदर्भातल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. “अरे यार,” तो कपाळाला हात लावून म्हणाला, “हा तं परवाच बुक झाला. लक्षातच नाई राह्यलं. हा पाहा न, शेवटचा. नाल्याकडचा. मस्त मोकळा हाय.”

बाबांनी शेवटचा घेतला. चहा आलाच नाही. परतीच्या वाटेवर लुना फुरफुरत होती आणि बाबा मान न वळवता म्हणाले, “बरं झालं. शांत हाय तिकडं.”

तो ‘बुक झालेला’ प्लॉट पुढं तीन वर्षं गाजरगवत घेऊन उभा होता. शाळेत जाता-येता मी रोज पाहायची. बाबाही पाहायचे. घरात त्यावर एक शब्द कुणी बोललं नाही. त्या लेआऊटवाल्याचा मला जितका राग येतो तितकाच त्या न बोलण्याचाही येतो.

बाबांचं गाव अल्लीपूरकडचं. तिथंही आमची वस्ती नाल्यापलीकडं, विहीर वेगळी. आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला. घरातले देव गेले, नाला होता तिथंच राहिला. बाबा शिकले, नोकरीला लागले, वर्ध्याला आले, आणि इथंही एका गोड माणसानं त्यांना नाला काढून दिला. हे एक वेळ समजू शकते. पण मी? मला तर कुणी काही म्हटलं नव्हतं. जमीन माझी, पाणी माझं, माउस माझ्या हातात. एवढ्या मोठ्या गावात मी स्वतःच उठून नाल्यापलीकडं जाऊन बसले, वर पूलही टाकला नाही. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी!

त्या रविवारी मी तणतणत घर उचललं आणि चौकात विहिरीच्या बाजूला ठेवलं. त्यासाठी तीन झाडं पाडावी लागली. पाडली. मग घरावरची नावाची पाटी पाहिली आणि दुसरा फटका बसला.

गेम सुरू करताना नाव विचारतो, मग आडनाव. आडनावाच्या रकान्यात मी बाबांचं नाव टाकलं होतं. तेही सवयीनं. कॉलेजात, बसमध्ये, नव्या माणसापुढं मी तेवढंच सांगायची. नाव आणि वडलांचं नाव. पुढं कुणी विचारलंच तर बघू. पुण्याच्या मुलीलाही मी तेवढंच सांगितलं होतं.

“आडनाव कुठून बदलायचं?” मी विचारलं.

“नाही बदलता येत. एकदा टाकलं की टाकलं. नवीन गाव सुरू करावं लागेल.”

“मंग करते.”

“वेडी आहेस का? दोन महिन्यांची मेहनत! आणि आडनावात काय आहे? गेम तर आहे.”

आडनावात काय आहे असं विचारणाऱ्याचं आडनाव नेहमी चांगलं असतं. हे मी तिला तोंडावर सांगितलं. मग कोपऱ्यावरचा प्लॉट सांगितला, पावतीपुस्तक सांगितलं, न आलेला चहा सांगितला, आणि शेवटी आडनाव सांगितलं. माझा आवाज इतका चढला की आई स्वयंपाकघरातून हातात कणीक घेऊन आली. पुण्याच्या त्या बिचारीचा काय दोष होता? पण राग आला की तो समोर असेल त्याच्यावरच जातो.  ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, “बस. कर सुरू.”

मी नवीन गाव उघडलं. कोरी सपाट जमीन, एक झाड नाही. नाव टाकलं. आडनाव टाकलं, पूर्ण, स्पेलिंग दोनदा तपासून. आणि तिची सगळी शिकवणी गुंडाळून ठेवली. चौक नाही, रस्ता नाही, टेकडी नाही. आधी बरोबर मध्यावर आमचं घर ठेवलं, दारापुढं विहीर ठेवली. आता रस्ते कुठूनही येवोत, इकडंच येतील. नवशिक्यांसाठी माझी पहिली आणि शेवटची सूचना हीच आहे, पुण्याहून आलेली नाही.

पुढच्या शनिवारी बाबा बाहेरून आले आणि चपला काढून दारात थांबले. इतक्या दिवसांत त्यांनी त्या कॉम्प्युटरकडं कधी पाहिलं नव्हतं. भाडेकरणीची वस्तू, आपण कशाला हात लावायचा.

“काय करून राह्यली वं?”

“गाव वसवून राह्यली, बाबा. या, बसा न.”

ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी दाखवत गेले. ही शेजाऱ्यांची घरं, हा रस्ता.

“आपलं कोनतं?”

“हे.”

“मधातलं?”

“हो.”

“विहिरीजवळचं?”

“हो, बाबा.”

ते पुढं वाकले. पाटीवर आमचं आडनाव होतं. इंग्रजीत, पण बाबांनी हजारो पाट्या वाचल्या होत्या, त्यांना वेळ लागला नाही. तेवढ्यात स्क्रीनवरच्या रस्त्यावरून एक शेजारी आला आणि आमच्या फाटकातून आत शिरला. व्हरांडा ओलांडून दारापाशी उभा राहिला. बाबांनी खुर्ची जरा मागं सरकवली.

“हा काऊन आला?”

“भेटायले आला. नवं घर झालं की येतेत इथं.”

“त्यानं पाटी नाई वाचली काय?”

“वाचली न.”

“मंग?”

“मंग काई नाई.”

बाबांनी एकदा पाटीकडं, एकदा शेजाऱ्याकडं पाहिलं. “मंग हे गाव खोटं हाय,” ते म्हणाले. चिडून नाही. मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसं.

 ज्यांनी माझ्या बाबांना हे एवढं नक्की शिकवलं होतं, त्या सगळ्यांचा मला असा संताप आला की मी माउस ढकलून दिला. तिकडं शेजाऱ्यानं बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग कंटाळून तो फाटकाकडं वळला.

“अवं, दार उघड न!” बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. “चालला तो!”