दादारावांचं शिकोकू

कणीक पायांनी मळणारा अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधला एकमेव माणूस म्हणजे दादाराव गजभिये. मिठाच्या पाण्यात भिजवलेला मैदा जाड पिशवीत, आणि त्यावर धुतलेले मोजे घालून ब्याण्णव किलोंचे दादाराव. जपानच्या शिकोकू बेटावर उदोन नावाच्या जाड शेवया अशाच करतात, हे ते दर रविवारी नव्यानं सांगतात.

"नागपूरचा माणूस, अन् सावजी सोडून हे बिनतिखटाचं पाणी!" असं म्हणत त्यांच्या पत्नी कांतावहिनी दोन वाट्या संपवतात.

शिकोकूवर अठ्ठ्याऐंशी बौद्ध मंदिरांची पायी यात्रा असते. दादारावांना वेड लागलं ते मात्र तिथल्या एका रिवाजाचं. वाटेतली माणसं यात्रेकरूला थांबवून खाऊ देतात आणि त्यानं नाही म्हणायचं नसतं.

"दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना आई भाजी-पोळी द्यायची. मी वाढायला," दादाराव सांगतात. "मला असं वाटेत कोणी वाढलं नाही, यार."

सहा वर्षांत त्यांनी तीनदा तिकिटं काढली. या ऑक्टोबरसाठी तर पांढरा सदरा, गवती टोपी, काठी, सगळं आलं होतं. मग वकिलाचा फोन आला: व्हिसाचे कागद अडकलेत, देशाबाहेर गेलात तर परत यायची खात्री नाही.

"कॅन्सल केलं," दादाराव एवढंच बोलले. त्या रविवारी उदोन झालं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी तो सगळा पोशाख चढवून ते कॉलनीतल्या तळ्याभोवती फिरायला लागले.

"बाबा, प्लीज! एव्हरीबडी इज लुकिंग!" त्यांची मुलगी आन्या ओरडली.

"बघू दे."

तिसऱ्या फेरीला बाकाजवळ कांतावहिनी उभ्या होत्या, घरच्याच चपलांवर. दोन्ही हातांत एक संत्रं.

"घ्या."

"घरी खाईन ना."

"नाही म्हणायचं नसते."

दादारावांनी वाकून संत्रं घेतलं. रिवाजाप्रमाणे देणाऱ्याला यात्रेकरूनं आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची असते. सहा वर्षं तयार ठेवलेली ती चिठ्ठी त्यांनी खिशातून काढून दिली. नाव, गाव आणि खाली इच्छा. वहिनींनी मोठ्यानं वाचलं, "सत्ताविसाव्या मंदिराच्या चढावर एखाद्या आजीनं थांबवावं."

चिठ्ठी घडी करून त्या म्हणाल्या, "मी काय आजी दिसते तुम्हाला?"

दादाराव खूप हसले. मग संत्रं न सोलताच, तळ्याच्या पलीकडे बघत, कितीतरी वेळ बसून राहिले.