खिडकीतून टाकलेला डबा

फोन दुपारी आला. रामनाथभाऊंच्याच मोबाईलवरून, पण आवाज अनोळखी. "नगरच्या स्टँडवरून बोलतोय. तुमचा नंबर वरतीच हुता. हे बाकड्यावर बसल्या बसल्या कलंडले." मी वर्ग सोडून धावलो. पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. शेजारी कापडी पिशवी, उघडा डबा, अर्धी खाल्लेली मेथीची भाजी...

राहात्याहून आम्ही वर्षानुवर्षं एकाच एसटीनं निघायचो. मी नगरला कॉलेजात शिकवायला, ते त्याच्या अलीकडे नागापूरच्या एका कारखान्यात फिटर. बस शिर्डीहूनच भरून यायची. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. रामनाथभाऊ डब्याची पिशवी टाकत. "रुमाल कोनीबी भिरकावून देतो, सर. अन्नाला हात लावायला मानूस कचरतो." माणसांवर त्यांचा एवढाच विश्वास होता. माझ्यापेक्षा तोही जास्तच म्हणायचा. त्या पिशवीच्या जिवावर आम्हा दोघांना जागा मिळे.

गेल्या वर्षी एका सकाळी नागापूर आलं, कंडक्टर ओरडला, आणि रामनाथभाऊ उठलेच नाहीत. दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत राहिले. नगरच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "कंपनी बंद झाली. घरी सांगितलेलं न्हाई." मुलीची सोयरीक नुकतीच जमली होती आणि पाहुण्यांना बाप कंपनीत आहे याचं मोठं अप्रूप. "लगीन होऊ द्या, मग सांगतो. तवर कुटं ना कुटं लागंलच की."

कुठेच लागलं नाही. रोज सकाळी ते नगरहून उलटे नागापूरला जायचे आणि एकेका गेटवर उभे राहायचे. पुढे पुढे वॉचमनच लांबून हात हलवू लागले. मग दुपारी स्टँडवरचं बाकडं, तिथेच डबा, आणि संध्याकाळी माझ्यासोबत परत. एकदा त्यांनी विचारलं, "सर, पन्नाशी उलटलेल्या मानसाचं तुमच्या पुस्तकांत काय करत्यात?"

"प्रस्तावना लिहायला लावतात," मी म्हणालो.

ते हसले.

आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. जिवंतपणी ज्यांनी रामराम घातला नाही, तेही माईकवर गहिवरतात. त्या सकाळचा आपला तिसरा दहावा उरकायला आलेले एक नेते म्हणाले, "कामावर असतानाच देह ठेवला. असा निष्ठावंत कामगार होणे नाही." नाव त्यांनी चिठ्ठीत बघून घेतलं. पुढच्या रांगेत मुलीचे होणारे सासरे होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "कंपनीचं कोनीच कसं दिसंना?" प्रश्न हळू होता, पण सगळ्यांनी ऐकला. मुलीनं मान खाली घातली. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. रोज सोबत असायचात, दोन शब्द बोला.

"मालक परगावी आहेत," मी म्हणालो. "त्यांनी माझ्याजवळ निरोप दिलाय." मग तो निरोप मी तिथल्या तिथे रचला. चांगला लांबलचक झाला. आयुष्यभर ज्या भाषणांना नाकं मुरडली, त्यातलंच एक इतक्या सहज तोंडातून येईल असं वाटलं नव्हतं.

नंतर रामनाथभाऊंच्या घरी वहिनींनी चहा आणून ठेवला. "निरोप चांगला सांगितला, सर."

मी कपात बघत राहिलो.

"मला ठावं हुतं. त्यांची कापडं धुताना पानी काळं व्हायचं. ते व्हायचं थांबलं."

"बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? सकाळी डबा घेऊन निगायचे तवा ताठ चालायचे. उनातानाचं हिंडत असतील म्हनून मी भाजी तेवढी जास्त घालायची."

लग्न घाईनं उरकलं. नंतर मुलीनंच सासरी सगळं सांगून टाकलं, म्हणून हे लिहितोय. तिथे काय झालं ते मला कळलं नाही. वहिनी त्याबद्दल बोलत नाहीत.

डब्याची पिशवी स्टँडवरच्या त्या दुपारपासून माझ्याकडेच आहे. परत द्यायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "इथं कोनासाठी भरू?" आता रोज सकाळी मीच ती खिडकीतून आत टाकतो. माझ्या शेजारच्या सीटवर ती राहुरीच्या पुढपर्यंत असते. उभा असलेला एखादा विचारतो, "कोनी हाय का हितं?" मी म्हणतो, "हाय." डबा रिकामा आहे हे हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि हात अजून तरी कुणी लावलेला नाही.

नागापूर येतं. कंडक्टर ओरडतो. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत राहतो.