नव्या सायलेन्सरची फियाट

बाळ केळकर गेले तेव्हा त्यांची फियाट घरी नव्हती. सोमाटणे फाट्याजवळ प्रदीपच्या गॅरेजमध्ये ती ठोकळ्यांवर चढवलेली होती. सायलेन्सर बदलायचा म्हणून बाळराव स्वतः गाडी तिथं टाकून आले, एसटीने लोणावळ्याला परतले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता कोसळले. रजनीबाईंनी आधी वाहता नळ बंद केला, मग शेजारच्या श्रद्धाला हाक मारली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून त्या रडल्या नव्हत्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या त्याच आवाजात, त्याच चार वाक्यांत सगळं सांगायच्या आणि चहा विचारायच्या. आलेल्या बायका जिन्यात कुजबुजत, "अजून डोळ्यांत पाणी नाही हो." ते रजनीबाईंना ऐकू यायचं. त्याचंही काही वाटायचं नाही. जेवण बेचव लागायचं, पण ताटात पडलेलं त्या संपवायच्या.

मुलगा शार्दूल बंगळुरूहून आला, दिवस करून परत निघाला. जाताना म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू. तुला काय उपयोग?"

"बघ," त्या म्हणाल्या.

मग एक दिवस प्रदीपचा फोन आला. "काका हायत का? गाडी तयार हाय म्हणावं."

रजनीबाईंनी चार वाक्यं सांगितली. पलीकडे चाललेली ठोकाठोक थांबली. मग प्रदीप म्हणाला, "मावशी, मी आणून देतो गाडी."

"नको. मीच येते."

आपण असं का म्हणालो, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण म्हटलं होतं, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्या.

प्रदीप पस्तिशीचा, हात कोपरापर्यंत काळे. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. जुना सायलेन्सर भिंतीशी पडला होता. ठिकठिकाणी पत्र्याचे तुकडे डकवलेले, मधे भोक. "ह्यातनं सगळा धूर आत यायचा बघा," तो म्हणाला. "आता इंजिनाजवळच्या मॅनिफोल्डपासनं शेवटपर्यंत धुराची सगळी लाइन स्टीलची केलीय. पाइपही जरा मोठा घेतलाय. बाजारात ह्या गाडीचं काय मिळत न्हाई, वाकवून हितंच बनवली."

रजनीबाई वाकून बघायला गेल्या. खाली चकचकीत पाइप होता.

"काका दोन वर्षं टाळत होते," प्रदीप म्हणाला. "जुन्या गाडीला जुनाच सायलेन्सर पाहिजे म्हणायचे. ह्या खेपेला आले ते म्हणाले, रजनीला वासाने मळमळतं, म्हणून ती गाडीत बसत न्हाई. तेवढं कर बाबा."

त्याला वाटलं, आता बाईंचा बांध फुटणार. तो आवराआवर केल्यासारखं करत जरा बाजूला सरकला.

"दुपारी तुम्ही गॅरेज बंद करता का?" रजनीबाईंनी विचारलं. "नाही, तुमच्या जेवणाची वेळ झाली असेल."

खरं तर बारा वर्षं त्या गाडीत बसल्या नव्हत्या. बसायचं म्हटलं की त्या वासावरून भांडण व्हायचं. लग्नकार्याला ते फियाटने जायचे, या एसटीने. लोकांना गंमत वाटायची. बाळरावांनीच त्यांना कधीकाळी भुशीच्या रस्त्यावर गाडी शिकवली होती आणि रजनीबाईंच्या लायसन्सचं नूतनीकरणही ते न चुकता करून आणायचे.

प्रदीपने गाडी चालू केली. पूर्वीची फडफड नव्हती. खालच्या पट्टीतला, घोटीव आवाज. ही आपली गाडी नव्हेच, असं रजनीबाईंना वाटलं.

"आवाज आवडला न्हाई व्हय?" प्रदीप म्हणाला. "जुना परत बसवून देऊ? डागडुजी करून?"

"नको. असू दे."

त्या चालकाच्या सीटवर बसल्या. प्रदीपला धास्ती वाटली. तो वडगावपर्यंत मोटारसायकलवर मागे आला. मग रजनीबाईंनीच खिडकीतून हात काढून त्याला परत जायची खूण केली.

कामशेतच्या चढाला त्यांनी गिअर उशिरा बदलला आणि गाडी बंद पडली. मागून ट्रकने हॉर्न धरला.

"अहो, आता काय करू?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

शेजारच्या सीटवर त्यांची पर्स होती. रजनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पाय थरथरायला लागला, आधी उजवा, मग दोन्ही. ट्रक वळसा घालून पुढे गेला. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला घेतली, किल्ली फिरवली. दुसऱ्या खेपेला चालू झाली. चढ संपला तरी पाय थरथरतच होते. इतक्या दिवसांत त्यांना जाणवलेली ही पहिली गोष्ट.

लोणावळ्यात वलवणला घरासमोर गाडी थांबली तेव्हा श्रद्धा बाहेर आली. "काकू! तुम्ही आणलीत? मला वाटलं कोणी पाहुणे आले."

"मीच," रजनीबाई म्हणाल्या. घरात जाऊन त्यांनी सकाळचे गार पोहे उभ्या उभ्याच खाल्ले. मीठ कमी होतं. वरून घेऊन पुन्हा खाल्ले.

रात्री शार्दूलचा फोन आला. कोणीतरी गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे.

"एवढ्यात नको," त्या म्हणाल्या. "मंगळवारी कामशेतच्या बाजारात जायचंय."