एका चटणीच्या पाच मालकिणी

आमच्या शेंगदाण्याच्या चटणीचा शोध पाच वेगवेगळ्या बायकांनी लावलेला आहे, आणि त्याचे लेखी पुरावे इंटरनेटवर मी स्वतः टाकलेले आहेत.

चटणी खरं तर माझ्या सासूबाईंची. जळकोटला हायवेलगत आमच्या ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे आणि दुकानामागंच घर. (जळालेली मोटार आणि भाजलेले शेंगदाणे यांचे वास आमच्याकडं इतके एकमेकांत मिसळलेत की नवीन पाहुणा दोन्हींकडं संशयानं बघतो.) मोटार दुरुस्त होईपर्यंत थांबलेल्या गिऱ्हाइकाला सासूबाई भाकरी वाढायच्या आणि भाकरीवर चटणी. हळूहळू लोक दुरुस्त झालेली मोटार विसरून जायला लागले, पण चटणी बांधून मागायला विसरेनात. तेव्हा मी ठरवलं, ही चटणी जगापुढं न्यायची. मी बी.ए. झालेली, परंड्याच्या शाळेत निबंधस्पर्धेत नंबर काढलेली बाई. अशा बाईला चटणी कुटता येत नाही, पण चटणीची वेबसाइट काढता येते.

वेबसाइटवर पहिला लेख लिहिला, ‘सासूबाईंनी मला चटणी कशी शिकवली’. (त्यांनी मला काहीही शिकवलेलं नव्हतं. उखळाजवळ गेलं की त्या म्हणायच्या, सर तिकडं, तेल उडंल.) लेख त्यांना वाचून दाखवला. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर त्यांचं नाव तोवर कुठं छापून आलेलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “नाव आलंय तिथून पुन्यांदा वाच.” मी तीनदा वाचला. खरं म्हणजे माझं लेखन तिथंच थांबायला हवं होतं.

पण वेबसाइटवर कुणी फिरकेना. महिनाभरात तीन माणसं येऊन गेली, त्यातली दोन मी आणि आमचे हे. मग मी मोबाइलवर एका सरांचा क्लास लावला. सर म्हणाले, तुमच्या साइटला बॅकलिंक नाहीत, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडं येणाऱ्या पायवाटाच नाहीत, मग लोक येतील कुठून? उपाय सोपा होता. आपलाच लेख घ्यायचा, फिरवून लिहायचा, दहा साइटवर छापून आणायचा आणि प्रत्येक लेखाखाली ‘लेखिकेची ओळख’ म्हणून आपली लिंक द्यायची. याला म्हणतात आर्टिकल मार्केटिंग. एकच अट होती. लेख जसाच्या तसा द्यायचा नाही, यंत्राला कळतं. काहीतरी बदलायचं.

सरांच्या मनात वाक्यं बदलायची होती. मला वाक्यं बदलायचा आला कंटाळा, म्हणून मी बायका बदलल्या.

पाककृतींच्या साइटवर चटणी शिकवली माझ्या परंड्याच्या आईनं. महिलांच्या एका साइटवर काकूंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, ज्या आमच्या शेजारीच राहतात. तुळजापूरच्या यात्रेकरूंसाठी माहिती देणारी एक साइट आहे, तिच्यावर वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं. बाकी सगळं तेच. तेच कलतं ऊन, तेच उखळ, तोच संवाद. पाचव्या लेखाच्या वेळी जवळच्या बायका संपल्या. लांबच्या घ्याव्यात तर त्यांची नावं शुद्ध माहीत नव्हती. म्हणून तिथं मी लिहून टाकलं की ही चटणी मीच शोधली. सोबत माझा उखळाशेजारी मुसळ धरलेला फोटो.

इथवर सगळं पोटात राहिलं असतं. पण सर म्हणाले, लेख टाकून भागत नाही, त्याच्यावर माणसं आली पाहिजेत. मग ज्या लेखात जी बाई, तिला तो लेख मीच पाठवला! आई फोनवर रडली. म्हणाली, इतकं लिहिण्यासारखं मी काय केलं गं. वन्संनी त्यांच्या सासरी सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. काकू सगळ्यांच्या पुढं गेल्या. त्यांनी लेख छापून, त्याला प्लास्टिक लावून आणला. (तो देवघरात ठेवलाय असं मी ऐकलं होतं, पण देवाच्या नक्की कुठल्या बाजूला ते विचारायचं धाडस झालं नाही.)

आणि गंमत म्हणजे पायवाटा चालायला लागल्या. लातूरहून, सोलापूरहून, पुण्याहून ऑर्डरी आल्या. सासूबाई सकाळ-दुपार उखळापुढं बसायला लागल्या. चार जणी चार ठिकाणी खूश होत्या आणि पाचवी मी. तशातच वन्संच्या मुलाचं जावळ निघालं.

जावळ तुळजापूरला. सगळे एका लॉजवर उतरणार, म्हणजे आई, काकू, वन्सं आणि सासूबाई एका छताखाली. मी आदल्या दिवशी तापाची तयारी केली, पण थर्मामीटरनं साथ दिली नाही. भीती रागाची नव्हती. राग मी सोसला असता. चटणी आहे ती सासूबाईंच्या हाताची, आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा छापून आलेलं त्यांचं नाव मी तीन बायकांना वाटून टाकलं होतं. त्यांनी मुसळ खाली ठेवलं असतं तर चटणी तर गेलीच असती, पण त्या ‘पुन्यांदा वाच’ म्हणताना जशा बघत होत्या तसं त्यांनी माझ्याकडं पुन्हा बघितलं नसतं.

जावळ झालं, बाळानं रडून न्हाव्याचे आणि आमचे सगळ्यांचेच कान किटवले, आणि दुपारी पंगत बसली. मी आईला एका टोकाला बसवलं, काकूंना दुसऱ्या टोकाला, मधे वन्सं. ताटात पुरणपोळी होती आणि कोपऱ्यात चटणी. कुणीतरी नको तेच बोललं. चटणी झकास झालीय म्हणे, कुणाची?

आई, काकू आणि वन्सं तिघीही लाजल्या.

मग एकदम तिघी बोलायला लागल्या. आई हळू आवाजात म्हणाली, तसं काही नाही, आमच्या परंड्याकडची पद्धत आहे. काकूंनी पिशवीत हात घातला. प्लास्टिक लावलेला लेख त्या जावळाला घेऊन आल्या होत्या! वन्संनी मोबाइल काढला, आईनंही काढला, आणि तिघींनी आपापला पुरावा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य एकत्र आलं. दुसरंही. शाळेतली प्रार्थना म्हणावी तशा तिघी एका सुरात, “उन्हं कलती झाली होती. उखळापुढं बसून त्या मला म्हणाल्या, पोरी, चटणी हातानं नाही, मनानं कुटतात...” आणि तिघी थांबल्या.

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मी पुरणपोळीकडं.

सासूबाईंनी ताटातला घास पुरा केला. म्हणाल्या, “हे मनानं कुटतात, कोण म्हणलं? म्या तर कधी म्हणलं न्हाय.”

“मीच लिहिलंय आत्या,” मी म्हणाले. “सगळ्यांच्या नावानं एकच लेख लिहिला. चुकलं माझं.” हे सांगताना लाज वाटली, कारण आईनं लगेच मोबाइल उपडा ठेवला आणि काकू प्लास्टिकवरचा डाग बोटानं पुसत बसल्या.

मग सासूबाई काकूंकडं वळल्या.

“जाऊबाई, तुमचं नाव आलं ते बरोबरच हाय. मी नवी नवरी आले आन पयल्याच दिवशी शेंगदाणे जाळले. तुमी तुमच्या डब्यातले भाजलेले आणून माज्या परातीत ओतले. मामंजींला शेवटपतोर कळलं न्हाय.” मग वन्संना म्हणाल्या, “तुला शिक्षा म्हणून कुटायला बसविलं व्हतं. रडत रडत दुपारभर कुटत बसलीस, मंग तेल सुटलं. तवापासून मी तितकं कुटते.” शेवटी माझ्या आईला, “आन विहीणबाई, जिरं तुमचं. हिच्या बाळंतपणाला परंड्याला आले व्हते तवा खाऊन बघितलं. सांगायचं राहूनच गेलं बघा.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी प्लास्टिक परत पिशवीत घातलं, पण आता दिमाखानं. मी पाचपैकी चार लेख निव्वळ आळशीपणानं लिहिले होते, आणि या बाईनं जेवता जेवता त्यातले तीन खरे करून दिले. स्वतःसाठी काही मागितलं नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. देवीचं दर्शन अजून व्हायचं होतं, तरी आधी त्यांच्याच.

इथं पडदा पडायला हवा होता. पण आमच्या ह्यांना वातावरण आणखी गोड करायचं होतं. म्हणाले, भांडता कशाला, आपली चटणी सर्चला सगळ्यात वर येते, हे बघा. आणि जो लेख सगळ्यात वर आला तो त्यांनी भर पंगतीत मोठ्यानं वाचला, “स्वयंपाकघरातल्या अनेक वर्षांच्या संशोधनानंतर ही चटणी मी स्वतः शोधून काढली.”

फोटो हातोहात फिरला. आईनं बघून माझ्याकडं बघणं टाळलं. वन्संनी पदर तोंडात कोंबला. शेवटी मोबाइल सासूबाईंकडं गेला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

“मुसळ उलटं धरलंय,” त्या म्हणाल्या.

पुढच्या अर्ध्या तासात लॉजचा मालक दोनदा काय झालं म्हणून विचारायला आला. हसून हसून काकूंना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यायच्या निमित्तानं मी तिथून उठले.

जळकोटला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला उखळापुढं बसवलं. आता सर तिकडं म्हणत नाहीत, सरक इकडं म्हणतात. रोज दुपारी मी कुटते, त्या बघतात, आणि शेंगदाणे उडून अंगणात गेले की कोंबड्या माझे आभार मानतात. पहिल्या लेखात मी ठोकून दिलं होतं की सासूबाईंनी मला चटणी शिकवली. तो लेख आता उशिरा का होईना खरा व्हायला लागलाय, आणि मला कुणी शिकवायला बसवलंय याचाच आनंद इतका आहे की हाताचे फोड मी मोजत नाही.

उरला पाचवा. बाकीचे लेख खाली गेले, हा मात्र अजून सगळ्यात वर आहे. परवा पुण्याहून एका बाईंचा फोन आला. ज्यांनी चटणीचा शोध लावला त्या मॅडमशी बोलायचं होतं. माझे हात तिखटानं भरलेले, म्हणून फोन सासूबाईंनी उचलला.

“हायेत की मॅडम,” त्या म्हणाल्या. “जरा थांबा, मुसळ सरळ धरायला शिकायलेत.”